मोटरहोम की फिफ्थ व्हील? अमेरिकेत फिरतं घर घेण्याआधीचा हिशेब

फिरतं घर घ्यायला निघालेलं कुटुंब आधी सोफा बघतं, मग किचन, मग बाथरूम. दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं वजनाचं स्टिकर बहुतेकांच्या नजरेला पडतं ते सही झाल्यावर. हा क्रम उलटा केला तर बरेच पैसे वाचतात आणि घरातली भांडणंही. म्हणून इथे आधी मुक्कामाचे दिवस, मग माणसं, मग वजन, मग रस्ते. सोफा तुम्ही तुमच्या आवडीने निवडालच.

मोटरहोममध्ये इंजिन आणि घर एकाच चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, असतं. बससारखा सपाट पुढा असलेला तो क्लास ए, व्हॅनमध्येच बसवलेला क्लास बी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा असलेला क्लास सी. पेट्रोलवर चालणारे क्लास ए बहुतेक फोर्डच्या एफ-५३ चॅसीवर बांधलेले असतात, क्लास सी बऱ्याचदा ई-४५० वर. महागड्या क्लास एमध्ये डिझेल इंजिन मागे असतं, त्याला ‘पुशर’ म्हणतात.

फिफ्थ व्हील हा ट्रेलर आहे, त्याला स्वतःचं इंजिन नाही. त्याचा पुढचा उंच भाग पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो. खाली दोन इंच जाडीचा लोखंडी किंगपिन असतो आणि तो हौद्यातल्या हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या साधनाच्या, जबड्यात अडकतो. नावातलं ‘पाचवं चाक’ घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आस (ॲक्सल) वळावा म्हणून गाडीखाली आडवी गोल चकती असायची, तिला हे नाव होतं. हिच ट्रकच्या मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसते, त्यामुळे ट्रेलरचं वजन ट्रकच्या पोटात येतं, शेपटीवर लटकत नाही. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा हा रस्त्यावर स्थिर धावतो, त्याचं कारण एवढंच.

एका जागी किती रात्री?

मागच्या दोन-तीन सहली आठवा आणि प्रत्येक मुक्कामाच्या रात्री मोजा. एक-दोन रात्रींत पुढे सरकणाऱ्यांसाठी मोटरहोम. कॅम्पग्राउंडवर गाडी लावली, समतल करणारे जॅक बटणाने खाली सोडले, वीज-पाणी जोडलं, की पंधरा-वीस मिनिटांत चहा. बाहेर मुसळधार पाऊस असेल तर ड्रायव्हर सीटवरून उठून थेट पलंगावर जाऊ शकतो. फिफ्थ व्हील सोडवून समतल करायला सवयीच्या माणसालाही अर्धा-पाऊण तास लागतो, आणि निघताना पुन्हा तेवढाच.

आठवडा-दोन आठवडे एकाच ठिकाणी राहणाऱ्यांना मात्र फिफ्थ व्हीलच परवडतं. उंच छत, समोरासमोरचे स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकणारे खोलीचे भाग), घरासारखा ओटा. घर तिथेच राहतं आणि ट्रक घेऊन गावात किराण्याला जाता येतं. मोटरहोमवाल्याला दुधाच्या एका गॅलनसाठी अख्खं घर आवरून न्यावं लागतं, नाहीतर मागे छोटी गाडी ओढत आणावी लागते. या ओढून आणलेल्या गाडीला इथे सगळे ‘टोड’ म्हणतात. मोटरहोमच्या किमतीची तुलना करताना टोड, तिचा टो-बार (ओढायचा दांडा), तो जोडायची पुढची बेस प्लेट आणि पूरक ब्रेक यांचा खर्च धरलाच पाहिजे. तो न धरल्यामुळे मोटरहोम कागदावर स्वस्त दिसतं.

धावताना कोण कुठे बसणार?

फिफ्थ व्हीलमध्ये धावताना कुणी बसायचं नाही, असंच धरून चाला. काही राज्यांत परवानगी आहे, अनेक राज्यांत नाही, आणि परवानगी असली तरी आत पट्टे (सीट बेल्ट) नसतात. म्हणजे सगळी माणसं ट्रकमध्ये. चार दारांच्या क्रू कॅबमध्ये पाच, पुढे सलग सीट असेल तर सहा. पुण्या-नाशिकहून आई-बाबा आले आणि घरात दोन मुलं असतील, तर मागच्या सीटवर मधे कोण बसणार हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो. उंच ट्रकमध्ये चढायला सत्तरीतल्या गुडघ्यांना पायरी आणि धरायला दांडा लागतो. फिफ्थ व्हीलच्या आतही बेडरूमकडे जायला दोन-तीन पायऱ्या असतात. शयनगृह मागे किंवा खाली असलेले नकाशे मिळतात, पण ते शोधावे लागतात.

मोटरहोममध्ये पलंग मोजू नका, पट्टे मोजा. ‘आठ जण झोपतील’ अशी जाहिरात असलेल्या गाडीत पट्टे पाच-सहाच असू शकतात. भिंतीला पाठ लावून आडव्या बसवलेल्या सोफ्यावर पट्टा असला तरी लहान मुलाची कार सीट तिथे लावता येत नाही. तिला पुढे तोंड असलेली जागा लागते. जेवणाच्या टेबलाची पुढे तोंड असलेली बाजू चालेल का, हे कार सीटच्या आणि गाडीच्या अशा दोन्ही पुस्तिकांत बघा. चालत्या गाडीत उठून टॉयलेटला जाता येतं म्हणून मोटरहोम घेणारे बरेच आहेत. एक जोराचा ब्रेक लागला की त्या सोयीची किंमत कळते.

वजन: इथे घाई नको

सेल्समन टोइंगचा आकडा सांगतो: हा ट्रक अठरा हजार पाउंड ओढतो. फिफ्थ व्हीलसाठी तो आकडा आधी बाजूला ठेवा. ट्रक ओढायला कमी पडत नाही, पाठीवर घ्यायला कमी पडतो. पाठीवरचा आकडा म्हणजे पेलोड, आणि तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो: प्रवासी आणि सामान मिळून वजन इतक्या पाउंडांपेक्षा कधीही जास्त नसावं. हा आकडा त्याच एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या ट्रकवर सनरूफ आणि बिजलीची पायरी असेल, तर तिथे आकडा कमी दिसेल.

एक हिशेब करू. फिफ्थ व्हीलचं मंजूर एकूण वजन, म्हणजे भरल्यावर जास्तीत जास्त चालेल ते, १४,००० पाउंड. माहितीपत्रकातलं हिचवरचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, ते धरू नका. भरलेल्या ट्रेलरचा साधारण २० ते २५ टक्के भार पिनवर येतो. २२ टक्के धरले तर ३,०८० पाउंड. हिचचे १८० धरा. चार माणसं ६००. ट्रकमधलं सामान, हत्यारं, कूलर १५०. बेरीज ४,०१० पाउंड.

आता ट्रक. डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि वरच्या दर्जाची सजावट घेतलेल्या फोर्ड एफ-२५० किंवा इतर कंपन्यांच्या २५०० वर्गाच्या ट्रकचा पेलोड २,००० ते २,५०० पाउंडांच्या आसपास निघतो. कारण सरळ आहे. बऱ्याच मॉडेलांचं मंजूर एकूण वजन १०,००० पाउंडांवर थांबवलेलं असतं आणि डिझेल ट्रक स्वतःच साडेसात हजारांच्या घरात जातो. म्हणजे आपल्या उदाहरणात दीड ते दोन हजार पाउंडांची तूट. मागे एकेरी चाकं असलेला एफ-३५० किंवा ३५०० साडेतीन-चार हजारांपर्यंत पोचतो, तोही काठावर. या ट्रेलरला मागे चार चाकं असलेला ‘ड्युअली’च लागतो. ‘एअर बॅग लावा, मग चालतं’ असं कुणी सांगेल. एअर बॅगने ट्रकची मागची बाजू सरळ दिसते. आस, टायर आणि ब्रेक यांची मंजूर क्षमता मात्र एका पाउंडानेही वाढत नाही.

आधीच ट्रक असेल तर हाच हिशेब उलटा करा. पेलोडमधून माणसं, हिच आणि सामान वजा करा, उरलेल्याला ०.२२ ने भागा. जो आकडा येईल त्याहून जास्त मंजूर वजनाचा ट्रेलर बघायलाही जाऊ नका. पेलोड २,४०० असेल आणि ९३० वजा गेले, तर उरतात १,४७०, म्हणजे ट्रेलर जेमतेम ६,७०० पाउंडांचा. त्या वजनाचे फिफ्थ व्हील फार थोडे मिळतात.

मोटरहोमचं स्टिकर वेगळं असतं. त्यावर प्रवासी आणि सामान मिळून किती चालेल ते लिहिलेलं असतं, आणि भरलेल्या पाण्याच्या टाकीचं वजन किती हेही. इंधन आणि प्रोपेन आधीच वजा केलेलं असतं, पाणी मात्र तुमच्या वाट्यातून जातं, गॅलनला ८.३ पाउंड. ई-४५० चं मंजूर वजन १४,५०० पाउंड. समजा स्टिकरवर २,००० आहे. सहा माणसं ९००, ४० गॅलन पाणी ३३२. उरले ७६८. त्यात तांदूळ-डाळी, कुकर, कपडे, खुर्च्या, सायकली, अवजारं, शिवाय टोड टो-डॉलीवर (पुढची चाकं उचलून धरणाऱ्या छोट्या ट्रेलरवर) ओढत असाल तर डॉलीच्या जिभेचं, म्हणजे हिचवर टेकणाऱ्या टोकाचं, वजन. बत्तीस फुटी क्लास सीमध्ये हा आकडा फारच लवकर संपतो, कारण घर लांब झालं तरी चॅसी तीच राहते.

क्लास सीची आणखी एक खोड. मागच्या आसाच्या मागे दहा-बारा फूट घर लटकत असतं. तिथल्या खणात जड सामान आणि मागे सायकलींचा रॅक लावला की तरफेसारखा पुढचा आस उचलला जातो, स्टिअरिंग हलकं होतं आणि बाजूने ट्रक गेला की गाडी भरकटते. जड वस्तू दोन्ही आसांच्या मधल्या खणांत ठेवा.

टोडसाठी दोन मर्यादा, आणि त्यातली लहान ती खरी: हिचवर कोरलेला आकडा, आणि गाडी अधिक टोड यांच्या एकत्रित मंजूर वजनातून तुमच्या भरलेल्या गाडीचं वजन वजा करून उरलेला आकडा. चारही चाकांवर ओढायला प्रत्येक गाडी चालत नाही. जीप रँग्लर ट्रान्स्फर केस (फोर-व्हील ड्राइव्हची गिअरपेटी) न्यूट्रलमध्ये टाकून चालते. होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंतची चालायची, नंतरची नाही. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर ओढू नका, गिअरबॉक्स जळतो. टोडला स्वतंत्र ब्रेक हवाच, कारण मोटरहोमचे ब्रेक स्वतःच्या वजनापुरते बनवलेले असतात.

हे सगळं शेवटी काट्यावर तपासायचं. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’ असतो. सहलीसारखी पूर्ण भरलेली गाडी न्या, माणसांसकट. ट्रकचा पुढचा आस पहिल्या पट्टीवर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक पुन्हा चढवा. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे पिनवरचा खरा भार. एकूण वजन बसलं तरी मागच्या आसाची मर्यादा वेगळी बघा. आधी तीच ओलांडली जाते.

छोट्या हौद्याचा घोळ

ट्रेलरची रुंदी साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच. काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा पिनपासून किमान ५१ इंच पुढे येतो. साडेसहा फुटी हौद्याच्या ट्रकमध्ये हिचपासून कॅबपर्यंत अनेकदा तेवढी जागा नसते, आणि मागची काच फुटते. उपाय तीन: आठ फुटी हौदा, वळताना मागे सरकणारा स्लायडर हिच, किंवा कोपरे कापलेला पुढा असलेला ट्रेलर. हाताने सरकवायचा स्लायडर असेल तर रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून तो सरकवावा लागतो. विसरण्याची वेळ नेमकी संध्याकाळी, अंधार पडताना, मागे रांग लागलेली असताना येते.

जोडण्याची पद्धत

१. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. ट्रकचं मागचं फळकं खाली पाडा, जबडा उघडा.

२. ट्रेलरची पुढची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अगदी किंचित खाली ठेवा. ट्रक मागे येताना ती हिचवर चढत घासली पाहिजे. ती उंच राहिली तर पिन जबड्यात न शिरता त्याच्या वर बसतो. याला ‘हाय हिचिंग’ म्हणतात. सगळं जोडल्यासारखं दिसतं, पण पहिल्याच चढावर ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो.

३. जबडा बंद झाला की टॉर्च घेऊन स्वतः बघा, पिनच्या भोवती तो पूर्ण मिटला आहे का. लॉकची खीळ घाला.

४. ट्रेलरच्या दिव्यांची आणि ब्रेकची सात पिनांची वायर जोडा. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकला अडकवा, हिचला नाही. हिच उखडला तर केबलही त्याच्यासोबत जाईल आणि ट्रेलरचे ब्रेक लागणारच नाहीत.

५. ट्रेलरचे पुढचे पाय (त्याला उभा ठेवणारे जॅक) जमिनीला टेकलेले असतानाच ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक हळूच पुढे ओढून बघा. सुटणार असेल तर इथेच सुटू दे.

६. मगच पाय वर, फळकं बंद, दिवे तपासणी, ठोकळे उचला. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचं पोट यांत साडेपाच-सहा इंच अंतर हवं, नाहीतर ओबडधोबड रस्त्यावर दोन्ही एकमेकांना भिडतात.

वळणं आणि रस्ते

फिफ्थ व्हीलची चाकं कोपरा आतून कापतात, म्हणून चौकात ट्रक बराच पुढे नेऊन वळवावा लागतो. मोटरहोमची तऱ्हा उलटी. मागच्या आसामागचा भाग वळणाच्या विरुद्ध बाजूला बाहेर फेकला जातो. पेट्रोल पंपावर खांबाजवळ उभे असाल आणि लगेच स्टिअरिंग पूर्ण वळवलंत, तर मागची कड खांबाला घासते. आधी सरळ पुढे निघा, मग वळा. आणि टोड चारही चाकांवर जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचाच नाही. पुढची चाकं वाकडी होऊन टो-बार वाकतो. वाट चुकून बंद गल्लीत शिरलात तर टोड सोडून, वळवून, पुन्हा जोडायची.

उंचीची सर्वसाधारण मर्यादा साडेतेरा फूट, आणि मोठे फिफ्थ व्हील तिच्या अगदी जवळ असतात. स्वतःची उंची एसीच्या टोपणापर्यंत मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर मोटरहोम किंवा ट्रेलर काहीच चालत नाही, नेहमीच्या फोन नकाशाला ते कळत नाही. न्यू जर्सीहून दक्षिणेकडे जाताना बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांत दहा पाउंडांहून मोठे प्रोपेन सिलिंडर नेता येत नाहीत. पूर्वी ही मंडळी बंदरावरच्या ‘की ब्रिज’ या पुलावरून जायची. तो २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने कोसळला, म्हणून आता शहराभोवतीच्या ६९५ महामार्गाची पश्चिम बाजू.

ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता इथे सर्वात शिकवणारा. त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडीला बंदी. मोटरहोम गेलं, फिफ्थ व्हील गेलं, हे उघड आहे. पण आठ फुटी हौद्याचा क्रू कॅब एफ-३५० स्वतःच २२ फुटांच्या वर जातो. म्हणजे घर कॅम्पग्राउंडवर सोडलं तरी ट्रकने तो घाट चढता येत नाही. मोटरहोममागे सीआर-व्ही आणणारा मात्र आरामात जातो. ‘ट्रक म्हणजे फिरायची गाडी’ हे वाक्य ड्युअलीच्या बाबतीत शहरातल्या पार्किंगमध्येही खरं ठरत नाही.

लायसन्स, बिघाड, फोडणी

घरगुती वापराला व्यावसायिक परवाना सहसा लागत नाही, पण राज्याचा नियम बघा. कॅलिफोर्नियात १५,००० पाउंडांवरच्या फिफ्थ व्हीलला नॉन-कमर्शियल क्लास ए लायसन्स लागतं, ४० फुटांहून लांब मोटरहोमला क्लास बी लायसन्स (हे वर्ग लायसन्सचे, मोटरहोमचे नाहीत). टेक्सासमध्ये मुख्य रेषा २६,००० पाउंडांची.

इंजिन बिघडलं तर मोटरहोमवाल्याचं घरच गॅरेजमध्ये जातं, आणि क्लास ए उचलू शकेल असा जॅक प्रत्येक फोर्ड डीलरकडे नसतो. फिफ्थ व्हीलवाला घरात राहतो आणि ट्रक दुरुस्तीला पाठवतो. दहा वर्षांनी ट्रक बदलला तरी घर तेच. उलट मोटरहोममध्ये जनरेटर बहुधा अंगभूत असतो आणि इंधनाच्या मुख्य टाकीतून पितो. टाकी पाव भागावर आली की तो आपोआप बंद पडतो, जेणेकरून गाडी पंपापर्यंत पोचावी. बिघाड समजून मेकॅनिकला फोन करण्याआधी काटा बघा.

किचन दोन्हीकडे बहुधा प्रोपेनवर. मोहरी-हिंग तडतडली की धुराचा अलार्म ओरडतोच, बॅटरी काढून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. छतातला पंखा लावा, समोरची खिडकी इंचभर उघडा, आणि फोडणी बाहेरच्या शेगडीवर द्या. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक कुकर एकत्र लावले की खटका पडतो. ५० अँपिअरला १२,००० वॉट, म्हणून उन्हाळ्यात टेक्सास-ॲरिझोनाला जाणाऱ्यांनी तेच घ्यावं.

वापरलेलं घेताना

भाड्याने घेऊन बघण्यात मोटरहोमवाला नशीबवान, कारण क्लास सी सगळीकडे मिळतं. फिफ्थ व्हील भाड्याने घेतलात तर मालकच ते कॅम्पग्राउंडवर आणून लावतो. त्यातून राहण्याचा अंदाज येतो, ओढण्याचा नाही.

टायरवर ‘DOT’ या अक्षरांपुढच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. खोल नक्षी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. ट्रेलरच्या टायरवर वेगमर्यादेची वेगळी खूण नसेल तर वेग ६५ मैलांच्या आत ठेवा.

छतावर चढून प्रत्येक सांध्याचं सीलंट बघा. बाहेरच्या फायबरग्लासवर तिरप्या उजेडात फुगे दिसले तर आत पाणी शिरलंय. स्लाइड-आउटच्या कोपऱ्यांत जमिनीवर टाच दाबा, ती मऊ लागली तर परत फिरा. फिफ्थ व्हीलचा पुढचा जॅक वर-खाली करायला एकाला सांगा आणि उंच भाग जिथे मुख्य पेटीला मिळतो तिथे बाहेरून डोळा ठेवा. सांधा उघडझाप करत असेल तर चौकट थकली आहे. मोटरहोम फार कमी मैल धावलंय हे बघून हुरळू नका. उभ्या गाडीचे रबरी पाइप, बेल्ट आणि जनरेटरचा कार्ब्युरेटर आधी मरतात. जनरेटर एसीच्या भाराखाली अर्धा तास चालवायला लावा, पाण्याची टाकी भरून पंप सुरू करा, सगळे नळ बंद ठेवा आणि दहा मिनिटं शांत उभं राहून ऐका. पंप मधेच आपोआप घुरघुरला, तर कुठेतरी पाणी गळतंय.